आरशाबाहेरचे ५१२ बाइट

एकच माहिती दोन हार्ड डिस्कवर एकाच वेळी लिहीत राहायचं, म्हणजे एक मेली तरी दुसरी काम चालू ठेवते. याला मिररिंग किंवा 'रेड १' म्हणतात. 'रेड' हे नाव १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या शोधनिबंधामुळे रुळलं. माझ्या मामाच्या कोल्हापुरातल्या छापखान्यात मात्र त्या नुसत्या 'जुळ्या डिस्क' आहेत.

गेल्या ऑक्टोबरात त्यातली एक बंद पडली. मशीन चालूच राहिलं, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. मग एका रात्री वीज गेली, परत आली आणि मशीन सुरूच होईना. आत तीन दिवाळी अंकांची लावलेली पानं.

"अगं, मग दोन डिस्क कशाला घेतल्या?" मामाने विचारलं. प्रश्न रास्त होता.

मशीन लिनक्सवर चालतं. बसवणाऱ्याने आरसा धरला तो पार्टिशनपुढे, म्हणजे फायली राहतात त्या भागापुढे. पण जुन्या बायॉसला फायली ठाऊक नसतात. तो डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचतो. त्यातला जेमतेम ४४६ बाइटचा कोड ग्रब या बूटलोडरला उठवतो आणि ग्रब लिनक्सला. हा सेक्टर पार्टिशनच्या बाहेर असतो. ग्रब एकाच डिस्कवर बसवलेला होता, आणि मेली तीच. उरलेल्या डिस्कवर सगळं होतं, फक्त उठवणारं कुणी नव्हतं.

मी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं. एमडीएडीएमने एकाच डिस्कवर जोडी उभी केली. स्थिती पाहिली, तर चौकटी कंसात एक रेघ आणि एक 'यू': एक गैरहजर, एक हजर. ती माउंट केली, सीएचरूटने आत शिरले आणि ग्रब-इन्स्टॉल चालवलं. पार्टिशनवर नव्हे, अख्ख्या डिस्कवर. पेनड्राइव्ह काढला. मशीन उठलं. पानं जागच्या जागी होती.

दुसऱ्या दिवशी नवी डिस्क आली. तिच्यावर तशीच पार्टिशनं पाडून तिला जोडीत घेतलं. प्रत भरून झाल्यावर तिच्यावरही ग्रब बसवला आणि बायॉसमधला क्रम बदलून दोन्हींवरून एकेकदा मशीन सुरू करून पाहिलं. जुळ्या डिस्क वापरत असाल, तर ही परीक्षा वीज जायच्या आधी घ्या.

"आता काही जाणार नाही ना?" मामाने विचारलं.

जाऊ शकतं. चुकून पुसलेलं पान आरशातूनही त्याच क्षणी पुसलं जातं. म्हणून आता रोज रात्री एक प्रत छापखान्याबाहेर, त्याच्या घरी जाते.