कटगुण, खानवडी, गंज पेठ

महात्मा फुल्यांचं मूळ गाव कोणतं? हॉस्टेलवर कुणीतरी हा प्रश्न टाकला आणि तीन जणांनी तीन उत्तरं दिली. कटगुण, खानवडी, पुणे! गंमत म्हणजे तिघांनीही भांडायचं काही कारण नव्हतं. हे घराणंच तीन ठिकाणी वाढलं.

मित्रांनो, नकाशा डोळ्यासमोर आणा. आपल्या सोमेश्वरनगरहून नीरा ओलांडली आणि फलटण करून खटाव तालुक्यात शिरलं, की पुसेगावजवळ कटगुण लागतं. उलट दिशेने, नीरा-जेजुरी रस्त्याने सासवडच्या अंगाला गेलं की खानवडी. आपण बरोबर मधल्या पट्ट्यात बसलोय.

कटगुणात या घराण्याचं आडनाव होतं गोऱ्हे. जोतिरावांचे पणजोबा गावचे चौगुले, म्हणजे पाटलाच्या हाताखालचे वतनदार. चरित्रकार सांगतात, की गावच्या कुलकर्ण्याशी त्यांचं वैर विकोपाला गेलं, त्यात त्यांच्या हातून कुलकर्ण्याचा खून झाला आणि त्यांनी रातोरात गाव सोडलं. ते पुरंदरात खानवडीला आले. म्हणजे नीरा त्यांना कुठेतरी ओलांडावीच लागली असणार. पूल नाही, एस.टी. नाही. वतन, घर, शेत सगळं मागे टाकून माणूस नदीत पाय घालतो, तेव्हा त्याच्या मनात काय चालत असेल?

खानवडीत मुलगा झाला, शेटिबा. त्यालाही हे गाव पुरलं नाही. कर्ज झालं आणि तो राणोजी, कृष्णा, गोविंद या तीन मुलांना घेऊन पुण्याला गेला. तिथे ही मुलं फुलांच्या धंद्यात शिकून तयार झाली. पेशव्यांकडे फुलं पुरवू लागली, ३५ एकर जमीन इनाम मिळाली आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. पुढे थोरल्या राणोजीने सगळी इनाम जमीन आपल्याच ताब्यात ठेवली. (भाऊबंदकीचा हा प्रकार आपल्याकडे कुणाला नवा आहे? सात-बारा उघडला की अर्धं महाभारत तिथंच!) धाकट्या गोविंदरावांच्या घरी ११ एप्रिल १८२७ ला जोतिराव जन्मले.

आता खरी गोष्ट. ज्याला आपण वाडवडिलांचं घर म्हणतो, त्याच घरातून जोतिरावांना बाहेर पडावं लागलं. १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली, सावित्रीबाई शिकवू लागल्या, लोकांनी वडिलांवर दडपण आणलं आणि १८४९ मध्ये नवरा-बायको घराबाहेर. त्यांना आसरा दिला उस्मान शेख यांनी. घर सोडून जाणं या घराण्याला नवं नव्हतं, पण यावेळी कारण वेगळं होतं.

म्हणून मला गंज पेठेतला फुले वाडा जास्त महत्त्वाचा वाटतो. तो वारशाने आलेला मान नाही, तो त्यांनी जगून मिळवलेला आहे. १८६३ मध्ये त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसवल्या गेलेल्या विधवांना बाळंतपणासाठी सुरक्षित जागा दिली. अशाच एका काशीबाईंचा मुलगा यशवंत, त्यालाच दोघांनी दत्तक घेतलं. १८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. आज सोपं वाटतं. पण त्या काळी घरचं पाणी मोकळं करणं म्हणजे नात्यागोत्याशी कायमचं वैर घेणं होतं. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले. त्यांची समाधी त्याच आवारात आहे. राजवाडा बघायला जाल तर हिरमोड होईल. घर साधंच आहे.

आणि आपण इंजिनिअरिंगवाले असल्यामुळे एक सांगतोच. फुले स्वतः सरकारी बांधकामांचे ठेकेदार होते. खडकवासल्याच्या धरणासाठी त्यांनी साहित्य पुरवलं. 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये तर पावसाचं पाणी शेतात मुरावं म्हणून ताली-बंधारे घाला, असं ते सरकारला सांगतात. सिव्हिलच्या पोरांनी तेवढा भाग तरी वाचावा. आम्हाला ‘वॉटरशेड’ सिलॅबसमधून कळलं, तेही परीक्षेच्या आदल्या रात्री!

पण सध्या खानवडीचं नाव वेगळ्याच कारणाने पेपरात येतं. पुरंदर विमानतळासाठी २०१६ पासून ज्या सात गावांची चर्चा आहे, त्यात पारगाव, कुंभारवळण, वनपुरी यांच्याबरोबर खानवडीही आहे. २०२५ च्या मे महिन्यात ड्रोन सर्व्हे आला तेव्हा शेतकरी आडवे झाले, लाठीमारही झाला. आमच्या वर्गातला एक मित्र याच पट्ट्यातला. अंजिराची बाग, दोन विहिरी, आजोबांनी बांधलेलं माळवदाचं घर. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला तो टोटल स्टेशन लावतो तेव्हा हात त्याचा स्थिर असतो, पण बोलत नाही. विकासाला विरोध नाही, असं तोच म्हणतो. विमानतळ व्हावा की नाही, यावर हॉस्टेलला दोन तट आहेत, आणि मी अजून कुठल्याच तटात नाही. पण नुकसानभरपाईच्या कागदावर एकराला दर लिहिता येतो. चौगुल्याने नदी ओलांडून शोधलेल्या गावाचा रकाना त्या फॉर्ममध्ये कुठे आहे?

परवा त्या मित्राने विचारलं, "तुम्ही सगळे येत्या सुट्टीत घरी या. आजी म्हणते, बाग बघून जा, पुढच्या वर्षी असेल-नसेल." आम्ही पाच जण जातोय. तो म्हणाला, वाटेत फुल्यांच्या स्मारकालाही नेतो.