पातेऱ्यावरचा मुक्काम

चंदगडकडून तिलारीचा घाट उतरले की दोडामार्गाचे रान लागते. २०१८ च्या जानेवारीत आम्ही चौघे मित्र तिथे तीन रात्री तंबू ठोकून राहिलो. सौ.ने मच्छरदाणी, मलम, उदबत्त्या असा डासांविरुद्धचा सारा जामानिमा बांधून दिला होता. डास मोजकेच निघाले. वाळक्या पानांची आयती गादी पाहून मी ऐसपैस अंग टाकले, तोच आमचे वाटाडे काका ओरडले,

"साहेबानु, पातेऱ्यार निजू नकात! गोचडी चढतत!"

गोचीड म्हणजे गुरांच्या कानातला फुगीर मणी, एवढीच आमची ओळख. इथली पिल्ले खसखशीएवढी. चावली तरी कळत नाही. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणली. तो विषाणू या गोचिडींतून येतो. हाच माकडताप २०१६ साली दोडामार्गात फैलावला. माणसापासून माणसाला तो लागत नाही. मात्र मेलेल्या माकडाजवळ फिरकू नये. हंगाम थंडीपासून उन्हाळ्यापर्यंतचा, म्हणजे नेमका आपल्या सहलींचा!

दुसऱ्या दिवशी आमचा थाट पाहण्यासारखा होता. काळा ठिपका चटकन दिसावा म्हणून फिके कपडे, विजार मोज्यांत खोचलेली, हातापायांना कीटकरोधक तेल, बसायला ताडपत्री. संध्याकाळी गरम पाण्याने अंघोळ आणि मग काखा, कंबर, गुडघ्यांच्या मागची तपासणी. लाज गुंडाळून ठेवावी लागते!

तिसऱ्या संध्याकाळी माझ्या गुडघ्यामागे एक सापडलीच. मित्र जळती उदबत्ती घेऊन धावला. काकांनी त्याचा हात धरला. चटका किंवा रॉकेल नको, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. तसेच केले आणि जागा साबणाने धुतली.

"काका, तुम्ही काय करता हो?"

"आमचा पोट ह्याच पातेऱ्यार," ते हसून म्हणाले. काजूची बाग झाडायची, पातेरा डोक्यावरून वाहायचा. तेल लावतात, पण घामाने ते तासाभरात उतरते. आदल्या वर्षी त्यांची भावजय बारा दिवस इस्पितळात होती.

घरी आल्यावर सौ.ने आठ दिवस रोज सकाळ-संध्याकाळ माझ्या तोंडात थर्मामीटर ठेवला. ताप आला नाही. नवव्या दिवशी तो कपाटात गेला. काकांची बाग त्याच आठवड्यात झाडायला निघणार होती.