तीन नंबरची बॅटरी

गोरेगाव पश्चिमेच्या जवाहर नगरात एका कापड दुकानाच्या मागच्या खोलीत, ताग्यांच्या फळीखाली, चार काळ्या बॅटऱ्या ओळीने ठेवलेल्या असत. दुकानमालकांची नात अकरावीत. यंत्रमानवांच्या ‘फर्स्ट’ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी जमलेल्या मुलांच्या संघात बॅटऱ्या सांभाळण्याचे काम तिच्याकडे होते. १९८९ मध्ये अमेरिकन संशोधक डीन केमन यांनी स्थापलेल्या संस्थेची ही स्पर्धा.

यंत्रमानवाला बळ देते ती १२ व्होल्टची, १८ अँपिअर-तासांची, आम्ल बाहेर न सांडणारी बंद बॅटरी. वजन सुमारे सहा किलो. सामना जेमतेम अडीच मिनिटांचा. पण तेवढ्यात मोटारी कधी कधी शंभराहून अधिक अँपिअर ओढतात. उलट, पुरती उतरलेली बॅटरी सहा अँपिअरच्या चार्जरवर भरायला तीन तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणूनच एका बॅटरीवर कोणत्याही संघाचे भागत नाही.

सरावाच्या एका रविवारी यंत्रमानव मैदानाच्या मध्यावर थबकला. बॅटरी सकाळीच भरलेली होती, मीटरवर १२.८ व्होल्ट दिसत होते. तेव्हा दोष जोडणीचाच, असे ठरवून तिने वायरी बसवणाऱ्या मुलाला सर्वांदेखत सुनावले. टोकाचा नट ढिला राहिला की असेच होते, हे खरे. पण त्याने बसवलेला नट तिने हलवूनही पाहिला नव्हता. मुलगा काही बोलला नाही. पुढच्या रविवारी तो आलाच नाही.

आजोबांच्या कानावर हे गेले. त्यांनी एवढेच विचारले, “या चार नगांचा हिशेब कुठे लिहितेस?”

“मीटर दाखवतोच की, आजोबा.”

“पेढीवर बसून चहा पिताना प्रत्येक गिऱ्हाइकाची पत चांगलीच दिसते, बेटा. वसुलीला गेल्यावर कळते.”

दुसऱ्या दिवशी स्वामी विवेकानंद मार्गावरच्या बॅटरीवाल्याने चारही बॅटऱ्यांवर एकामागून एक काही सेकंद मोठा भार टाकून पाहिला. तीन बॅटऱ्या अकरा व्होल्टच्या वर टिकल्या. तीन नंबरची नऊच्याही खाली घसरली. यंत्रमानवात तर व्होल्टेज सातच्या आसपास येताच नियंत्रक मोटारी तोडतो. थबकण्याचे कारण समोर होते.

“ही उतरलेली बरेच दिवस पडून होती का?” बॅटरीवाल्याने विचारले. तशा स्थितीत शिशाच्या पट्ट्यांवर गंधकाचा क्षार घट्ट बसतो आणि पुढे कितीही भरले तरी पुरता सुटत नाही. विश्रांतीत आकडा चांगला दिसतो, भाराखाली कोसळतो.

दिवाळीच्या सुट्टीत गावी जाण्याच्या घाईत तीन नंबरची बॅटरी न भरता फळीखाली सरकवली होती, ती तिनेच.

आजोबांनी दुकानातली एक कोरी, लाल कापडी बांधणीची वही काढून दिली. नंबर, खरेदीची तारीख, भरल्यानंतरचे व्होल्टेज, भाराखालचे व्होल्टेज असे रकाने तिने आखले. पहिली नोंद तीन नंबरची: ‘उतरलेल्या स्थितीत ठेवली.’ खाली स्वतःची सही.

संध्याकाळी ती वही घेऊन त्या मुलाच्या घरी गेली, “चुकले माझे” म्हणाली आणि वही पुढे केली. त्याने नोंद दोनदा वाचली.

“बाकीच्या तिन्हींचे नट पाहिलेस?”

“नाही.”

तो पाना घेऊन तिच्यासोबत दुकानात आला.