पंचेचाळीस मिनिटं

लेकीनं बी.एस्सी.ला फिजिक्स आणि मॅथ्स असे दोन मेजर घेतले, तेव्हा मी चारचौघींत कौतुकानं सांगत सुटले होते. दोन मेजर म्हणजे काय, हे माझ्यासारख्या बी.ए. झालेलीला धड कळलंही नव्हतं. एकाच वेळी दोन सासरं सांभाळण्यासारखं असतं ते, हे तिसऱ्या वर्षी कळलं.

त्यात फेब्रुवारीत जॅम. आयआयटीत एम.एस्सी. करायची किंवा बेंगळुरूच्या आयआयएस्सीत इंटिग्रेटेड पीएच.डी.ला जायचं, तर ही परीक्षा. तीन तासांत ६० प्रश्न, १०० मार्क. म्हणजे एका प्रश्नाला तीनच मिनिटं. मला वाटायचं, विषय तेच, एकदा अभ्यास केला की दोन्हीकडे चालेल.

"तसं नसतंय गं आई," ती म्हणाली. मॅट्रिक्स, डिफरन्शियल इक्वेशन दोन्हीकडे लागतात. पण कॉलेजात एकच थिअरम पानभर सिद्ध करायचं, जॅमला नुसता आकडा हवा. ग्रुप थिअरी तर जॅमच्या फिजिक्सला नाहीच, पण सेमिस्टरला सोडता येत नाही. वर प्रॅक्टिकलची जर्नल्स. न्यूटन्स रिंग्जचे व्यास मायक्रोस्कोपमधून मोजून घरी आली की डोळे चोळत बसायची. आणि मी आतून हाक मारायची, कणीक मळून दे बघू, दिवस मावळायच्या आत आज्जीचं जेवण व्हायला हवं.

दिवाळीची साफसफाई करताना तिची वही हाती लागली. आत वेळापत्रक. इलेक्ट्रोडायनॅमिक्स, दीड तास. रिअल अ‍ॅनालिसिस, एक तास. जुना पेपर. आणि मध्येच, 'आई – ४५ मिनिटं'. पुढं महिनाभराचे चौकोन. पेपरच्या ओळीत निम्मे रिकामे, अ‍ॅनालिसिसच्या ओळीत त्याहून जास्त. माझ्या ओळीत मात्र एकही रिकामा नव्हता.

मी विचारलं, तर हसली. "ते चुकवलं तर तू बोलतीस की. पेपर कुठं बोलतोय?"

धाकटा तेव्हा सोफ्यावर मोबाईल घेऊन पडलेला. त्याला इंजिनिअरिंगचा 'लोड' असतो, असं मीच सगळ्यांना सांगत आले होते.

त्या संध्याकाळी कणकेची परात त्याच्या पुढ्यात ठेवली. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पण हाताशी उरले होते तीन महिने, त्यातही सेमिस्टरची परीक्षा मध्ये आलेली.

मार्चमध्ये निकाल लागला. रँक आली, पण तिला हवं होतं तिथं पोचणारी नाही. मॅथ्समध्ये मात्र कॉलेजात पहिल्या पाचांत. लोक अभिनंदन करत होते आणि ती "थँक्यू काकू" म्हणत होती. रात्री म्हणाली, पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा बसतो, नुसतं फिजिक्स धरून. त्या पंचेचाळीस मिनिटांबद्दल ती काही बोलली नाही. मीच एकदा वर्षाचा गुणाकार करायला बसले आणि अर्ध्यात सोडला.

वहीत आता नवं वेळापत्रक आहे. त्यात माझी ओळ नाही. धाकट्याची कणीक अजून सैलच होते. सासूबाई निमूट खातात.