नजरेची उडी

न्यूरोलॉजिस्टची तपासणी रुग्ण खुर्चीत बसण्याआधीच सुरू होते. दारातून येताना पाय किती फाकतात, वळताना हात भिंत शोधतो का, हे आधी बघायचं. माझ्या मुलुंडच्या दवाखान्यात तोल जाणारा रुग्ण आला की मी त्याच्यासमोर दोन बोटं धरतो. ‘मान न हलवता पटकन इकडे बघा. आता तिकडे.’ बहुतेकांची नजर उडी मारते. एखाद्याची मात्र सरकत, रेंगाळत पोचते. तो वैतागून डोळे मिचकावतो, मान झटकतो, तेव्हा कुठे ती सुटते.

ही खूण जगापुढे मांडली जे.जे. रुग्णालयातल्या डॉ. नोशीर वाडियांनी. 1971 मध्ये त्यांनी आणि डॉ. स्वामींनी ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ कुटुंबांची हकीकत छापली: लहान मेंदू झिजवणारा आनुवंशिक आजार आणि सोबत मंदावलेली नजर. एमआरआय नव्हता; हातोडी, टॉर्च आणि नातेवाइकांना खोदून खोदून विचारणं, एवढ्यावर काम. जनुक सापडायला 1996 उजाडलं. बाराव्या गुणसूत्रावरच्या या जनुकात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरं बहुधा 22 वेळा येतात. ती 33 किंवा त्याहून जास्त वेळा आली की सहसा आजार होतो. पिढीगणिक आकडा वाढू शकतो आणि मग आजार कमी वयात गाठतो.

मी या संशोधनात ओढला गेलो तो वंशावळीपायी. कागदावर चौकोन पुरुषाचा, गोल बाईचा, आजारी असेल तो काळा. आजोबांना काय होतं? ‘दारू. झोकांड्या जायच्या.’ कोपऱ्यातली आजी फटकन म्हणते, ‘थेंबाला शिवले नव्हते हो ते!’ चौकोन काळा करायचा. रक्ताच्या तपासणीत आकडा मिळतो, हे मिळत नाही.

लोकलमध्ये खिडकीशी बसलेल्याचे डोळे बघा (चोरून!). मागे पळणाऱ्या खांबाबरोबर ते सरकतात आणि झटक्यात परत फिरतात. या आजारात तो परतीचा झटकाच मंदावतो. घाटकोपर ते भायखळा माझा हाच उद्योग चाले. एका गृहस्थांनी ‘ओळखता का मला?’ म्हणून विचारलंही.

ही सवय नकोशी होते ती बापाला तपासताना शेजारचा मुलगा मोबाइलवरून नजर उचलतो तेव्हा. तो रुग्ण नाही, त्याचा केसपेपर नाही. झीज थांबवणारं औषध माझ्याकडे नाही. आपणहून मी बोलत नाही. त्यानेच चाचणीचं विचारलं, तर आधी विचारतो, कळल्यावर काय करशील? एक जण लगेच म्हणाला, ‘बाइक विकीन.’