फुकटचं कुलूप

फुकट ते पौष्टिक, हे आपलं राष्ट्रीय धोरण! पण एन्क्रिप्शनचा विषय निघाला की हेच आपण कुरकुरतो, ‘फुकटचं सॉफ्टवेअर? कच्चंच असणार.’ माझ्या लॅपटॉपमध्ये मला बातमी देणाऱ्यांची नावं आहेत. ती फुटली तर त्यांच्या नोकऱ्या जातील. त्यामुळे लायसन्सचे पैसे मोजायची माझी तयारी होती.

मग थोडं खोदकाम केलं. जीपीजी चकटफू, कोडही सगळ्यांसाठी खुला. कुणीही तपासा! २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने पत्रकारांना गाठलं ते यावरच विसंबून. म्हणजे कुलूप पक्कं.

गोची वेगळीच आहे. जीपीजी लिहिणारा जर्मनीचा वेर्नर कॉख २०१५ पर्यंत जवळजवळ कफल्लक झाला होता. त्याच्यावर बातमी आली, तेव्हा कुठे देणग्यांचा ओघ सुरू झाला. ट्रूक्रिप्टवाल्यांनी तर २०१४ मध्ये अचानक गाशाच गुंडाळला.

पैसे भरले की अडल्यानडल्याला फोन उचलणारं कुणीतरी मिळतं. ऑफिसला ते हवंच. मला नकोय. म्हणून मी जीपीजी घेतलं आणि लायसन्सच्या वाचलेल्या पैशांतले निम्मे देणगीत टाकले. फुकटच्या कुलपाचंही बिल कुणीतरी भरतच असतं, बॉस!