साल गेले कुठे?

आकडा कुणाची बाजू घेत नाही, अशी आपली समजूत असते. माणूस चुकेल, विसरेल. आकडा मात्र जिथे लिहिला तिथे मुकाट बसून राहतो. या समजुतीला सुट्टीत कोरीटच्या घरी चांगलाच धक्का बसला.

आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या इतिहासातील ठळक घटनांची यादी मी वेब-पानासाठी तयार करीत होतो. काही ओळी माझ्या, काही मित्राने मोबाईलवरून पाठविलेल्या. अशा पानावर प्रत्येक ओळीच्या मागे-पुढे एचटीएमएलचे टॅग घालावे लागतात. हे काम म्हणजे शंभर पाकिटांवर हाताने पत्ते लिहिण्यासारखे! ते वाचावे म्हणून एडिटरमध्ये एम्मेट नावाचे प्लगइन असते. पूर्वी त्याला झेन कोडिंग म्हणत. ओळी निवडायच्या, एक छोटासा संक्षेप द्यायचा, की साऱ्या ओळींना टॅगचे वेष्टन चढते. संक्षेपाच्या शेवटी उभी रेघ देऊन ‘टी’ हे अक्षर लावले, की ओळीच्या आरंभीचे अनुक्रमांकही गळून पडतात. कारण क्रमवार यादीला क्रमांक देण्याचे काम ब्राउझर स्वतःच करतो.

वेष्टन चढले. शेजारी बसलेले आबा मोठ्याने वाचू लागले : “साली नंदुरबारात मिरवणुकीवर गोळीबार झाला; शिरीषकुमार व त्याचे चार सोबती हुतात्मा झाले.” ते थांबले. “अरे, पण साल गेले कुठे?”

खरेच, १९४२ नाहीसे झाले होते! मित्राच्या प्रत्येक ओळीचे तेच. माझ्या ओळींची तऱ्हा उलटी. ‘१. १९९८ साली धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. २. २०१० साली टेंभली गावात देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला.’ इथे साल शाबूत. पण जो अनुक्रमांक जायला हवा होता, तोही ठाण मांडून बसलेला.

मित्राने इंग्रजी आकडे वापरले होते, मी मराठी. हे प्लगइन जावास्क्रिप्ट भाषेत लिहिलेले आहे. त्या भाषेत ‘कोणताही अंक’ अशी जी जुनी खूण आहे, तिचा अर्थ फक्त दहा इंग्रजी आकडे. म्हणून मित्राचे साल त्याला अनुक्रमांक वाटले आणि त्याने ते पुसले. माझा ‘१’ त्याला आकडाच वाटला नाही. वास्तविक युनिकोडमध्ये देवनागरी अंकांची नोंद अंक म्हणूनच आहे, आणि २०१८ पासून जावास्क्रिप्टमध्येही सर्व लिप्यांचे अंक ओळखण्याची सोय आहे. गंमत अशी, की ज्यांना आपण इंग्रजी आकडे म्हणतो ते मूळचे भारतातलेच. अरबांच्या हातून ते युरोपात गेले. परदेशी जाऊन आलेला भाऊ तेवढा ओळखीचा, घरी राहिलेला अनोळखी!

मित्र म्हणाला, “बरे झाले, तुझे मराठी आकडे तरी वाचले.” मला ते समाधान पटेना. ओळख नाही म्हणून वाचणे हे काही मानाने वाचणे नव्हे. तिकीट तपासनीसाने आपल्याला प्रवासी न समजता सामान समजावे, आणि म्हणून तिकीट मागू नये, तसेच ते.

पण ज्या आकड्यांची यंत्राला ओळख आहे, त्यांचा तरी अर्थ त्याला कुठे कळतो? पुसलेला अनुक्रमांक पुन्हा मोजून घालता येतो. साल पुसले, की पाच जणांचे बलिदान कोणत्याही काळातले, म्हणजे कोणत्याच काळातले नाही, असे होऊन बसते.

मित्रहो, आपली गाणी, वंशावळी, शेताचे उतारे सारे आता यंत्रावर चढत आहे. यंत्राला आपले आकडे शिकवायलाच हवेत. ते काम थोडक्या अक्षरांचे आहे, आणि ते आपल्यापैकी कुणीही करू शकेल. तोवर, आणि त्यानंतरही, चढवलेली प्रत्येक ओळ एकदा कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावी, हे बरे.